पहिल्या चेंडूआधीच्या सह्या

फेब्रुवारी उजाडला की अमेरिकेतल्या हजारो शाळांच्या मैदानांवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा पडू लागतात. दक्षिणेकडच्या उबदार राज्यांत त्या आधी पडतात, उत्तरेकडे बर्फ वितळल्यावर. मुलींच्या सॉफ्टबॉलचा हंगाम सुरू होतो. नववी ते बारावीच्या साडेतीन लाखांच्या आसपास मुली दर वर्षी शाळेच्या संघातून हा खेळ खेळतात. मात्र मुलींच्या या हंगामाआधी मोठ्यांचा एक हंगाम उरकलेला असतो. त्याला प्रेक्षक नसतात आणि त्याची बातमीही होत नाही. प्रशिक्षकाने यंदाच्या नियमबदलांच्या बैठकीला हजेरी लावायची. ती आता बहुधा संगणकाच्या पडद्यावरच होते. डोक्याला मार लागल्याची लक्षणे कशी ओळखावीत याचा अभ्यासक्रम पुरा करायचा. प्रथमोपचार आणि हृदय बंद पडल्यास छाती दाबण्याचे प्रशिक्षण यांची मुदत संपली असेल तर ती वाढवून घ्यायची. प्रत्येक मुलीची वैद्यकीय तपासणी झाल्याचा कागद जमा करायचा, तिच्या आईवडिलांच्या सह्या गोळा करायच्या. पंचाने राज्य संघटनेकडे वार्षिक शुल्क भरून नाव नोंदवायचे, नियमांची परीक्षा द्यायची, सराव शिबिराला जायचे. बऱ्याच राज्यांत त्याच्या पूर्वायुष्याची, म्हणजे त्याच्यावर काही गुन्हा आहे काय याचीही, चौकशी होते. एवढे झाल्यावर पहिला चेंडू पडतो.

आपल्याकडच्या वाचकाला यात फार तर अमेरिकन माणसाचे कोर्टाचे भय दिसेल. तिथे कोण कधी कोणावर खटला भरील याचा नेम नाही, म्हणून प्रत्येकाने आपापली सही करून मोकळे व्हायचे, असा आपला समज असतो. तो निराधार नाही, पण अपुरा आहे. या सह्यांच्या गठ्ठ्यात दोन अगदी वेगळ्या जातींचे कागद एकमेकांत मिसळून पडलेले आहेत. ते वेगळे करून पाहिले तर शाळेच्या मैदानावरच्या मुलांची जबाबदारी खरोखर कोणावर आहे, आणि ती पेलण्यासाठी त्याच्या हाती काय दिले आहे, हे कळते. हा प्रश्न नुसता अमेरिकेचा नाही.

आधी व्यवस्थेची थोडी ओळख. अमेरिकेत शालेय क्रीडेचे एखादे केंद्रीय खाते नाही. प्रत्येक राज्याची स्वतंत्र संघटना असते आणि या संघटनांचा महासंघ, नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स, इंडियानापोलिस शहरात आहे. १९२० साली मध्यपश्चिमेकडच्या मोजक्या राज्यांनी एकत्र येऊन तो सुरू केला. आज पन्नासही राज्ये आणि राजधानीचा जिल्हा त्याचे सभासद आहेत. त्याची सॉफ्टबॉल समिती उन्हाळ्यात बसते, पुढच्या हंगामाचे बदल ठरवते, नियमांचे पुस्तक निघते, आणि त्याबरोबर यंदा कशावर विशेष लक्ष द्यायचे याची यादीही. पुस्तक महासंघाचे, पण प्रशिक्षकाला कोणते प्रशिक्षण सक्तीचे, पंचाने कोणती परीक्षा द्यायची, न दिल्यास दंड काय, हे राज्य ठरवते. त्यामुळे एका राज्यात जो कागद लागतो तो नदीपलीकडच्या राज्यात लागत नाही.

आयोवा राज्याचे उदाहरण गमतीचे आहे. तिथे मुलींच्या खेळांसाठी १९२५ सालापासून निराळी संघटना आहे. देशाचा बराच भाग वसंतात सॉफ्टबॉल खेळतो तेव्हा आयोवाच्या मुली भर उन्हाळ्यात खेळतात, आणि राज्याची अंतिम स्पर्धा जुलैच्या उन्हात फोर्ट डॉज गावी होते. तिथे शाळेच्या प्रशिक्षकाला शिक्षकासारखाच राज्याचा परवाना लागतो. शरीराची वाढ, दुखापती, प्रशिक्षणाचे तंत्र आणि नीतिनियम असे विषय शिकल्यावर तो मिळतो. मक्याच्या शेतांमधल्या छोट्या गावांच्या या राज्याने मुलींचा खेळ इतक्या गांभीर्याने घेतला, तोही मुलींच्या खेळाला कायद्याचे पाठबळ मिळण्याच्या कितीतरी आधी. ते पाठबळ १९७२ साली आले. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्रीपुरुष भेद चालणार नाही, असे सांगणारा 'टायटल नाइन' कायदा त्या वर्षी झाला. त्याआधीच्या शालेय वर्षात सगळे खेळ मिळून २ लाख ९४ हजार मुली शाळांच्या संघांत होत्या. २०१८-१९ मध्ये हा आकडा ३४ लाखांवर होता. मुली मैदानावर आल्या, त्यांच्या दुखापतीही आल्या. त्या दुखापतींची नोंद घेण्याची यंत्रणा मात्र त्यांच्या मागून, दम खात आली.

सॉफ्टबॉल या नावाने फसायचे कारण नाही. १८८७ साली शिकागोच्या एका बोट क्लबात काही तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा गुंडाळून त्याचा चेंडू केला आणि काठीने टोलवला, तेव्हा तो खेळ खरोखर मऊ होता. शिकागोत आजही सोळा इंचांच्या थोराड चेंडूने, हातमोजे न घालता तो खेळणारे आहेत. शाळेतल्या मुली खेळतात तो चेंडू बारा इंच घेराचा, गर्द पिवळा आणि कडक असतो. क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा, हा पावणेदोनशे ग्रॅमच्या वर. क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमध्ये ६६ फूट असतात. इथे पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंत अवघे ४३ फूट. पूर्वी तर ते ४०च होते, २०१०च्या सुमारास तीन फुटांनी वाढवले. शाळेतली चांगली पिचर ताशी ६० मैलांनी चेंडू टाकते, म्हणजे सेकंदाला ८८ फूट. हिशेब करा. बॅटरकडे अर्धा सेकंदही नसतो. त्याहून बिकट अवस्था खुद्द पिचरची. चेंडू टाकताना ती एक लांब ढांग पुढे येते आणि तिच्यात व बॅटमध्ये ३७-३८ फूट उरतात. चेंडू ताशी ७० मैलांनी सरळ तिच्याकडे परतला तर चेहऱ्यासमोर हात आणायला तिला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त अवधी मिळतो. बॅटरच्या शिरस्त्राणाला चेहऱ्याची जाळी २००६ पासून सक्तीची झाली. पिचरला आणि आतल्या क्षेत्ररक्षकांना जाळीचा मुखवटा घालायची मुभा आहे आणि पुष्कळ मुली तो घालतातही. पण महासंघाच्या पुस्तकात त्याची सक्ती नाही. ती का नाही, हे मला तरी उमगलेले नाही.

आता त्या कागदांकडे येऊ. दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत पुतणीकडे मुक्कामाला होतो. तिची मुलगी नववीत, शाळेच्या संघात कॅचर. हंगाम तोंडावर आलेला, आणि पुतणी रात्री जेवण आटोपल्यावर शाळेच्या पोर्टलवर एकामागून एक फॉर्म भरीत बसली होती. वैद्यकीय तपासणी, आरोग्याचा पूर्वेतिहास, डोक्याच्या दुखापतीची माहिती वाचल्याची सही, अचानक हृदय बंद पडण्याविषयीचे पत्रक वाचल्याची सही, स्टेरॉइडच्या चाचणीला संमती, वेदनाशामक अफूजन्य औषधांच्या धोक्याचे पत्रक वाचल्याची सही. मी विचारले, हे सगळे वाचतेस का? "काका, कोण वाचतं? सही केल्याशिवाय तिला मैदानावर घेत नाहीत, म्हणून करायची." जुन्या सवयीने मी ते सगळे बसून वाचले. मराठी कादंबरीपेक्षा ते वाचनीय नव्हते, हे कबूल. पण त्यातल्या काही ओळींमागे मुलांची नावे होती.

२००६ साली वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट या तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्याला फुटबॉलच्या सामन्यात मार लागला. थोडा वेळ बसवून त्याला पुन्हा खेळवले. सामना संपता संपता तो कोसळला, मेंदूत रक्तस्राव झालेला होता. जीव वाचला, पण पुढे कित्येक वर्षे साध्या हालचालींसाठी त्याला झगडावे लागले. २००९ मध्ये त्याच्या नावाने त्या राज्यात कायदा झाला. डोक्याला मार लागल्याची शंका आली की मुलाला त्याच क्षणी बाहेर काढायचे आणि वैद्यकीय जाणकाराच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. पाच वर्षांत, २०१४ पर्यंत, पन्नासही राज्यांत असे कायदे आले. महासंघाने २०१० साली आपल्या सर्व खेळांच्या नियमांत हेच आणले. आधीचा नियम असा होता की खेळाडू बेशुद्ध पडला किंवा बेशुद्ध पडल्यासारखा वाटला तर पंचाने त्याला काढायचे. नव्या नियमात बेशुद्धीची अट गेली. डोके दुखते, चक्कर येते, तोल जातो, मुलगी गोंधळल्यासारखी दिसते, एवढे पुरे.

न्यू जर्सीतच २००६ मध्ये जॅनेट झिलिन्स्की ही अकरा वर्षांची मुलगी चीअरलीडिंगच्या सरावानंतर हृदय बंद पडून गेली. तिच्या नावाचा कायदा २०१२ साली मंजूर झाला आणि २०१४ पासून अमलात आला. हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र शाळेत असले पाहिजे, ते कुलपाबाहेर असले पाहिजे, मैदानापासून हाताशी असले पाहिजे, आणि ते वापरता येणारा माणूस सरावाच्या वेळी हजर असला पाहिजे, असे तो सांगतो. 'कुलपाबाहेर' हा शब्द ज्याने घातला त्याला मी मनोमन नमस्कार केला. आपल्या कित्येक कचेऱ्यांत आग विझवण्याची नळकांडी असतात आणि ती ज्या खोलीत असतात तिची किल्ली संध्याकाळी शिपायाबरोबर घरी जाते.

तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला कागदांच्या या दोन जाती चटकन ओळखू येतात. शाखेत मुख्यालयाची परिपत्रके यायची. ती एका फायलीत लागायची आणि प्रत्येकाने 'वाचले' म्हणून सही करायची. महिनाअखेरीला फाईल टेबलावरून टेबलावर फिरे आणि चहा गार होण्याआधी वीस परिपत्रकांवर सह्या पडत. पुढे काही घोटाळा निघाला की चौकशी अधिकारी पहिल्यांदा तीच फाईल मागवी. सही आहे ना? मग तुम्हाला माहीत होते. त्या सहीने एकही घोटाळा अडला नाही. जबाबदार धरायला माणूस मात्र तयार मिळाला. याउलट तिजोरीच्या दोन किल्ल्या. एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. यातही कागद आहे, नोंदवही आहे, सही आहे. पण या नियमाने प्रत्येकाच्या हातात एक गोष्ट दिली: नाही म्हणण्याची ताकद. व्यवस्थापक कितीही घाईत असो, दुसरी किल्ली आली नाही तर तिजोरी बंदच राहते.

डोक्याच्या दुखापतीचा नियम दुसऱ्या किल्लीसारखा आहे. पंचाला किंवा प्रशिक्षकाला शंका आली, मुलगी बाहेर. सामना अंतिम फेरीचा असो, ती संघाची एकमेव पिचर असो, वडील जाळीपाशी येऊन 'ती ठीक आहे' म्हणून ओरडत असोत. विजेचेही तसेच. ढगांचा गडगडाट ऐकू आला वा वीज दिसली की खेळ थांबतो आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटे गेल्याशिवाय सुरू होत नाही. मधेच पुन्हा गडगडले की घड्याळ पुन्हा शून्यावर. हे नियम पंचाला वाद घालायला लावत नाहीत. तो म्हणू शकतो, माझ्या हातात काही नाही, नियम असा आहे. आणि नेमके तसे म्हणता येणे यातच त्याचा सगळा अधिकार असतो.

'वाचले आणि समजले' या सह्या परिपत्रकाच्या फायलीतल्या. पण इथे एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. या सह्यांमुळेच शाळा भानावर येतात, विमा कंपनी दारात उभी राहते म्हणूनच शिरस्त्राणे बदलली जातात, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि ते चूक नाहीत. संस्था दयेने फार कमी वेळा हलते. माझा मुद्दा एवढाच की शाळेला भानावर आणणारा कागद आणि प्रशिक्षकाच्या गळ्यात पडणारा कागद हे वेगळे. पहिला शाळेच्या अंदाजपत्रकातून पैसे काढायला लावतो. दुसऱ्याने शाळेचे काही जात नाही.

या दुसऱ्या प्रकाराचा नमुना प्रत्येक सामन्याच्या आधी, होम प्लेटपाशी पाहायला मिळतो. दोन्ही प्रशिक्षक आणि पंच उभे राहतात. पंच विचारतो: तुमच्या सर्व खेळाडूंची साधने नियमाप्रमाणे आहेत आणि सामनाभर तशीच राहतील, याची तुम्ही खात्री देता? प्रशिक्षक मान डोलावतो. ही मान डोलावणे म्हणजे तोंडी सहीच. पुढे एखादी अवैध बॅट सापडली तर बॅटर बाद होतेच, प्रशिक्षकावरही कारवाई होते. बॅटवर ठरलेल्या संस्थेच्या मान्यतेचा ठसा लागतो, आणि ठसा डोळ्यांना दिसतो. पण आजच्या बॅटी लाकडाच्या नाहीत. अनेक थरांच्या कृत्रिम तंतूंच्या या बॅटी लोखंडी रुळांत दाबून काढल्या की तंतू सैल होतात आणि चेंडू अधिक जोराने सुटतो. कोणी बॅटचे टोपण काढून आतून ती तासून पातळ करतो. अशी कामे पैसे घेऊन करून देणारेही आहेत. बॅट मुलीच्या घरची, बापाने तीन-चारशे डॉलर मोजून आणलेली. ती आतून तासली आहे की नाही हे मैदानावर उभ्या प्रशिक्षकाला कसे कळावे? ठसा जागेवर आहे. तो मान डोलावतो. ज्या गोष्टीची खात्री करण्याचे साधन त्याच्यापाशी नाही तिची हमी तो चारचौघांत देतो, आणि ४३ फुटांवर पिचर उभी असते.

हा प्रशिक्षक असतो कोण? आपल्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचा टोपीवाला, कोट्यवधींच्या करारांचा माणूस येतो. शाळेतला प्रशिक्षक बहुधा गणिताची किंवा इतिहासाची बाई असते. तास संपल्यावर मैदानावर येते, हंगामापुरते ठरावीक मानधन घेते, रेघाही पुष्कळदा स्वतःच मारते. कागदपत्रांचा भार वाढला की तिच्यासारख्या एकेक कमी होतात. सॉफ्टबॉल स्वतः खेळलेली एखादी तरुणी गावातच असते, पण चार अभ्यासक्रम, त्यांचे शुल्क आणि बोटांचे ठसे यांचा हिशेब केल्यावर ती नको म्हणते. कॅलिफोर्नियात प्रशिक्षणाची मूलतत्त्वे, प्रथमोपचार, डोक्याची दुखापत, आणि २०१७ पासून हृदय अचानक बंद पडण्याविषयीचे प्रशिक्षण, एवढे सगळे प्रशिक्षकाने पुरे करायचे असते. काहींची दर दोन वर्षांनी उजळणी. यातला एकही विषय अनावश्यक आहे असे मी म्हणणार नाही. पण नोकरीत बढती हवी म्हणून जेएआयआयबी आणि सीएआयआयबीच्या परीक्षा देणाऱ्या आम्हा लोकांना बँक त्याबद्दल वेतनवाढ देत असे. इथे परीक्षा वाढतात, मानधन जागच्या जागी.

पंचांची दशा याहून वाईट. पंच हा शाळेचा नोकर नाही आणि राज्य संघटनेचाही नाही. तो स्वतंत्र कंत्राटदार मानला जातो. मुखवटा, छातीचे कवच, नडगीची ढाल, पोलादी टोकाचे बूट, निळा शर्ट, करडी पँट, सगळे स्वतःच्या पैशाने. एका सामन्याचे मिळतात बहुतेक ठिकाणी शंभर डॉलरांच्या आतबाहेर, आणि त्यासाठी दुपारची नोकरी अर्धी टाकून यावे लागते. पुस्तक उघडे ठेवून द्यायची असली तरी परीक्षा सोपी नसते. अवैध पिच कोणती, धावणाऱ्या मुलीने बेसवर कधी थांबायचे, बदली धावक कोणाला मिळतो, याचे पोटनियम एकमेकांत गुंतलेले असतात आणि दर वर्षी त्यातला एखादा धागा बदलतो. हेही तो आनंदाने करतो. त्याचे मन उडते ते दुसऱ्याच कारणाने.

महासंघाच्या प्रमुख कॅरिसा नीहॉफ यांनी २०१९ च्या जानेवारीत पालकांना उद्देशून एक लेख प्रसिद्ध केला. आईबाबांनो, जरा आवरा, असा त्याचा सूर. पंचगिरी सोडणाऱ्यांपैकी पाऊणहून अधिक जण मोठ्या माणसांच्या वर्तनाला कंटाळून सोडतात आणि नव्या पंचांपैकी ऐंशी टक्के दोनच वर्षांत काम सोडून देतात, असे त्यात नमूद होते. मग करोनाची साथ आली. २०१८-१९ ते २०२१-२२ या काळात सगळे शालेय खेळ मिळून सुमारे ५० हजार पंच कमी झाल्याचा महासंघाचा अंदाज आहे. वीसहून अधिक राज्यांत खेळाच्या पंचावर हात उगारणाऱ्याला शिक्षा करणारे खास कायदे करावे लागले. शाळेच्या सामन्यासाठी! पंच मिळत नाहीत म्हणून सामने शुक्रवारचे मंगळवारी जातात, लहान मुलींच्या संघाचे तर रद्दच होतात. जिथे दोन पंच हवेत तिथे एकावर भागवले जाते, आणि एकट्या पंचाचे डोळे पहिल्या बेसवर असताना तिसऱ्या बेसवर आपटलेल्या मुलीचे डोके कोण पाहणार? डोक्याच्या दुखापतीचा इतका विचारपूर्वक केलेला नियम, पण तो वापरायला मैदानावर माणूस उरला नाही तर नुसता पुस्तकात राहतो.

या साऱ्या व्यवस्थेत ज्याला कसलीच परीक्षा द्यावी लागत नाही असा एकच घटक आहे, प्रेक्षक पालक. त्याच्याकडून सह्या घेतात त्या मुलीच्या आजारांच्या, त्याच्या स्वतःच्या वागण्याच्या फार क्वचित. हे पालक दुष्ट असतात असे नाही. कॉलेजची शिष्यवृत्ती, उन्हाळी क्लबांचे हजारो डॉलर, पाचवीपासूनचे खासगी पिचिंगचे तास हे सगळे त्या एका चुकीच्या 'स्ट्राइक'वर टांगलेले असते, निदान त्यांना तसे वाटते. आपल्या मराठी मंडळींनीही तिथे हा स्वभाव बऱ्यापैकी उचलला आहे. पुतणीच्या मुलीच्या सामन्याला गेलो तेव्हा बाकावर बसून पंचाच्या डोळ्यांविषयी सर्वांत मोठ्याने शंका घेणारे गृहस्थ पुण्याचे निघाले.

सॉफ्टबॉल आपल्याला परका नाही. भारतीय सॉफ्टबॉल संघटना १९६१ मध्ये जोधपूरला स्थापन झाली, पहिली राष्ट्रीय स्पर्धा तिथेच १९६७ साली झाली, आणि महाराष्ट्राच्या मुलींनी राष्ट्रीय मैदानावर वर्षानुवर्षे दबदबा राखला. खानदेश आणि विदर्भातल्या ज्या गावांत हॉकीची काठी कोणी पाहिली नसेल तिथे सॉफ्टबॉलची बॅट दिसते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खानदेशातल्या एका शाखेत होतो, तेव्हा बँकेसमोरच्या मैदानावर शाळकरी मुलींचे सामने होत. एका संघात मिळून दोन शिरस्त्राणे. बॅटिंगला जाणारी मुलगी परतणाऱ्या मुलीच्या डोक्यावरून ते उतरवून घेई. कॅचरच्या मुखवट्याचा पट्टा तुटलेला, जागी परकराची नाडी. एकदा चेंडू लागून एक मुलगी खाली बसली. सरांनी तोंडावर पाणी मारले, 'काही होत नाही, उठ,' म्हणाले, ती उठली आणि टाळ्या पडल्या. सर वाईट नव्हते. स्वतःच्या खिशातून संघाला केळी देणारा माणूस होता तो. पण मुलीला बाहेर बसवायचा अधिकार आपल्याला आहे, किंबहुना ते आपले काम आहे, असे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते.

आपल्या शालेय स्पर्धांतही हंगामाआधी कागद कमी नाहीत. चौदा, सतरा, एकोणीस असे वयोगट, म्हणून जन्मतारखेचा दाखला. शाळेचे बोनाफाईड, मुख्याध्यापकांची सही, शिक्का, फोटोवर सही. हे सगळे वयाचे आणि ओळखीचे कागद आहेत, आणि त्यांना कारण आहे: प्रमाणपत्राला इथे किंमत आहे. दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीला आल्यावर पडताळणी आणखी कडक झाली, ते योग्यच झाले. पण मुलगी खरोखर सतरा वर्षांखालची आहे याची खातरजमा पाच ठिकाणी करणाऱ्या यंत्रणेत, तिच्या डोक्याला चेंडू लागला तर खेळ कोणी थांबवायचा, हा रकाना कुठेच नाही.

अमेरिकेचा गठ्ठा उचलून इथे आणावा असे मी सुचवत नाही. तो आणला तर वर्षभरात त्याची परिपत्रकाची फाईल होईल. सह्यांचा आपला वेग त्यांच्याहून जास्त आहे. त्यातले एकच वाक्य आणावे, २०१० सालचे. शंका आली की मुलगी बाहेर, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय आत नाही, आणि हे सांगण्याचा अधिकार पंचाला आणि क्रीडाशिक्षकाला, दोघांपैकी कोणालाही. पण त्याच्या जोडीला आणखी एक ओळ लागेल, जी अमेरिकेला लागली नव्हती. इथे उपांत्यपूर्व सामन्यातून बाहेर बसलेली मुलगी नुसता सामना गमावत नाही, वाढीव गुणांच्या वाटेवरची एक पायरीही गमावू शकते. तिच्या जागी कोणीही शेतकऱ्याची मुलगी डोके गरगरत असताना 'मी ठीक आहे, सर' असेच म्हणेल, आणि तिचे आईवडीलही तेच म्हणतील. तेव्हा दुखापतीमुळे पंचाने बाहेर काढलेल्या मुलीचा सहभाग पूर्ण धरला जाईल, असे क्रीडा खात्याने लिहून द्यायला हवे. खर्च शून्य. जिल्हा स्पर्धांच्या प्रवेशिका आता बऱ्याच ठिकाणी ऑनलाइनच भरतात. एक रकाना वाढवायला छापखान्याकडेही जावे लागणार नाही.